तुमचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं: क्लोन केला तर आमचा ब्राउनी परत येईल का?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की क्लिनिकमध्ये एकाने कुत्र्याचं क्लोन करायला किती खर्च येतो म्हणून विचारलं, झालं, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की गोचीड, लसी, पावसाळ्यातली खाज हे सगळं आता पुढच्या अंकावर. नावं कुणाचीच छापत नाहीये, इंदूरच्या मराठी मंडळींत नुसतं गल्लीचं नाव सांगितलं तरी लोक ओळखतात, त्यामुळे भाग तेवढा देतेय.

प्रश्न: ताई, आमचा ब्राउनी लॅब्रेडॉर, साडेबारा वर्षांचा. डॉक्टरांनी पोटात, स्प्लीनला गाठ सांगितलीय, फार दिवस नाहीत म्हणाले. हे जाऊन तीन वर्षं झाली. ब्राउनी ह्यांचाच होता, अजून संध्याकाळी साडेपाचला फाटकाशी जाऊन बसतो आणि स्कूटरचा आवाज आला की कान टवकारतो. मुलगा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो आई रडू नकोस, इथे क्लोन करून मिळतो, पैसे मी भरतो, ब्राउनी गेला की फक्त त्याला डीप फ्रीजरमध्ये ठेवायची सोय कर. मला काही सुचत नाही. खरंच तोच परत येतो का? (तिलक नगर)

उत्तर: काकू, आधी फ्रीजरचं सांगते कारण त्यात मुलाची चूक होतेय. फ्रीजरमध्ये पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फुटतात, मग त्यातून काही वाढवता येत नाही. ज्यांना खरंच करायचं असतं ते कुत्रा जिवंत असतानाच कातडीचा छोटासा तुकडा काढून घेतात, जागा बधिर करून एकदोन टाके, बस. त्या तुकड्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि उणे 196 डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवून द्यायच्या, म्हणजे पेशी आज ठेवल्या तरी क्लोनचा निर्णय आजच घ्यायची गरज नसते. परदेशात सँपल पाठवायला कागदपत्रं लागतात, पिल्लू इकडे आणायला त्याहून जास्त लागतात, ते मुलाला आधी विचारून घ्यायला सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न. तोच येतो का, तर नाही येत. येतो तो त्याचा जुळा भाऊ, साडेबारा वर्षं उशिरा जन्मलेला.

करतात काय ते साध्या भाषेत सांगते. दुसऱ्या एका कुत्रीचं बीजांड घेतात, त्यातलं केंद्रक काढून टाकतात, म्हणजे तिचा स्वतःचा डीएनए जवळजवळ सगळा गेला, मग त्या रिकाम्या बीजांडात ब्राउनीच्या कातडीची पेशी घालून विजेचा हलका झटका देतात की दोन्ही एक होतात आणि बीजांडाला वाटतं आपण फळलो. ते विभागायला लागलं की तिसऱ्याच एका कुत्रीच्या पोटात ठेवायचं. नऊ आठवड्यांनी पिल्लू. जवळजवळ सगळा डीएनए गेला म्हटलं कारण पेशीत केंद्रकाबाहेर मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा थोडासा स्वतःचा डीएनए असतो, तो त्या बीजांडवाल्या कुत्रीचाच राहतो. म्हणजे हिशोबाने बघितलं तर पूर्ण शंभर टक्के ब्राउनी तोही नाही.

दिसायला सारखा असेल, रंग तोच, चेहरा तोच, कदाचित झोपायची ढब पण तीच, कारण अशा गोष्टींत जीन्सचा हात असतो. गाठीकडे कल असेल तर तोही बरोबर येईल. पण काकू, तो साडेपाचला फाटकाशी जाऊन बसणार नाही. त्याने काकांना बघितलेलंच नाही, ती स्कूटर त्याने ऐकलेली नाही, रात्री पोळीचा तुकडा टेबलाखालून कोण द्यायचं हे त्याला माहीत नाही. ब्राउनीच्या डोक्यात साडेबारा वर्षांत जे साठलं ते कातडीच्या पेशीत नसतं. बार्बरा स्ट्रायसँड ही अमेरिकेतली मोठी गायिका, तिने समँथा नावाच्या आपल्या कुत्रीचे दोन क्लोन करून घेतले, आणि 2018 मध्ये मुलाखतीत तिनेच सांगितलं की दोघींचे स्वभाव वेगळे आहेत. ती वाट बघत होती त्यांच्यात समँथाचे तपकिरी डोळे आणि तिचा गंभीरपणा दिसतो का याची.

खर्च, तर अमेरिकेत कुत्र्याचा भाव 50,000 डॉलर आहे, म्हणजे चाळीस लाखांच्या वर. एवढ्या पैशात आणखी काय काय झालं असतं हा हिशोब मी तुम्हाला मांडून दाखवणार नाही, पैसा मुलाचा आहे आणि दुःख तुमचं आहे, आणि लोक लग्नात याहून जास्त उडवतात. मला बोलायचंय ते त्या बाकीच्या कुत्र्यांबद्दल, कारण कंपनीच्या फोटोत त्या कधी दिसत नाहीत.

कुत्र्याचं क्लोन गाईम्हशीपेक्षा अवघड का, तर कुत्री साधारण वर्षातून दोनदाच हीटवर येते, आणि तिचं बीजांड बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं, पुढे बीजवाहक नळीत दोनतीन दिवस राहून पिकतं. लॅबमध्ये ते नीट पिकवता येत नाही, म्हणून बरोबर दिवस साधून कुत्रीचं पोट उघडून नळीतून ते धुऊन काढावं लागतं. म्हणजे एक ऑपरेशन बीजांड देणारीचं, एक ऑपरेशन गर्भ ठेवून घेणारीचं, आणि दोघींपैकी कुणालाच त्यातून काही मिळणार नाही. जगातला पहिला क्लोन कुत्रा स्नपी, 2005 साली दक्षिण कोरियात सोलच्या युनिव्हर्सिटीत झाला, त्याच्यासाठी 1,095 गर्भ 123 कुत्र्यांमध्ये ठेवले होते. तीन गाभण राहिल्या, एकीचा गर्भ पडला, दोन पिल्लं झाली, त्यातलं एक बावीस दिवसांचं होऊन न्यूमोनियाने गेलं. उरला स्नपी. हे करणारे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक, ज्यांचं मानवी पेशींचं संशोधन पुढे खोटं निघालं, पण स्नपी मात्र तपासणीत खरा क्लोन निघाला. आता आकडे तेव्हाइतके भयानक नाहीत, तंत्र सुधारलंय, तरी एका पिल्लासाठी अनेक माद्या लागतात हे गणित बदललेलं नाही. मुलाने कंपनीला एकच प्रश्न विचारावा, की आमच्या एका ब्राउनीसाठी किती कुत्र्या वापराल आणि नंतर त्या कुठे जातात. उत्तर लेखी मागा.

आता माझं मत विचाराल तर, मी करणार नाही. पण तुम्ही केलंत तर मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही, त्या पिल्लाला लस द्यायला मीच येईन. फक्त एक गोष्ट सांगते. माझ्याकडे एक कुटुंब यायचं, त्यांचा काळा लॅब गेला, पंधरा दिवसांत तसाच दुसरा काळा लॅब आणला, नाव पण तेच ठेवलं, आणि मग वर्षभर दर भेटीत माझ्याकडे तक्रार, हा बॉल आणून देत नाही, हा गाडीत ओरडतो, आधीचा असा नव्हता. ते पिल्लू अगदी चांगलं होतं हो. त्याला बिचाऱ्याला कळतच नव्हतं आपल्याकडून काय हवंय यांना. आणि हे क्लोन नसतानाचं. चाळीस लाख मोजून आणलेल्याकडून तर अपेक्षा किती असतील.

सध्या ब्राउनीची दुखण्याची औषधं वेळेवर चालू ठेवा, जिने चढू देऊ नका, हिरड्या एकदम पांढऱ्या दिसल्या किंवा तो अचानक गळाठून बसला तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा कारण स्प्लीनची गाठ आतल्या आत फुटू शकते. आणि साडेपाचला तो फाटकाशी गेला की तुमची खुर्ची पण तिथेच टाका.

प्रश्न: आमची मनी तिरंगी आहे, पांढरी-काळी-केशरी. भाचा म्हणतो तिचं क्लोन केलं तर झेरॉक्ससारखं अगदी तसंच होईल. खरं का? (लोकमान्य नगर)

उत्तर: भाच्याशी पैज लावा, जिंकाल. जगातलं पहिलं क्लोन मांजर 22 डिसेंबर 2001 ला टेक्ससमध्ये जन्मलं, नाव सीसी, म्हणजे कार्बन कॉपी. जिच्यापासून केलं ती रेनबो तिरंगी होती आणि सीसी निघाली पांढरी आणि करड्या पट्ट्यांची, केशरी रंगाचा पत्ताच नाही! कार्बन कॉपी नाव ठेवणाऱ्यांची चांगलीच जिरली.

कारण फार मजेदार आहे. काळा की केशरी हे ठरवणारं जीन एक्स क्रोमोसोमवर असतं. मांजरीला दोन एक्स असतात, पण गर्भ लहान असताना प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करून टाकते, कुठला बंद करायचा ते अगदी चिठ्ठी टाकल्यासारखं. ज्या पेशीत केशरीवाला चालू राहिला तिच्यापासून पुढे केशरी ठिगळ, बाकी ठिकाणी काळं. सीसी ज्या पेशीतून झाली त्यात केशरीवाला आधीच बंद होता आणि क्लोन करताना तो परत उघडला नाही. पांढरा भाग वेगळ्या कारणाने होतो, त्याची नक्षी पण गर्भात रंगाच्या पेशी किती लांब पसरल्या यावर असते, ती दरवेळी निराळीच. आणि काळा-केशरी एकत्र यायला दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी बोका फार क्वचित सापडतो, बोक्याला बिचाऱ्याला एरवी एकच एक्स असतो.

प्रश्न: क्लोन केलेले प्राणी लवकर म्हातारे होऊन मरतात असं वाचलं. डॉली मेंढीचं तसंच झालं ना? (सुदामा नगर)

उत्तर: डॉलीची बातमी आली फेब्रुवारी 1997 मध्ये, मी तेव्हा महूच्या व्हेटर्नरी कॉलेजला होते, आणि आमच्या सरांनी वर्गात पेपर टेबलावर आपटून विचारलं होतं, आता सांगा तुमचा वळू काय कामाचा! सगळा वर्ग हसला, आणि मग सरांनी पूर्ण तास त्यावरच घेतला.

डॉली जन्मली 5 जुलै 1996 ला, स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये, सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. 277 वेळा पेशी जोडल्या तेव्हा 29 गर्भ धरले आणि त्यातून ही एक. 2003 मध्ये तिला दयामरण द्यावं लागलं, मेंढ्या दहाबारा वर्षं जगू शकतात आणि ही साडेसहाची, म्हणून लोकांनी लगेच म्हटलं की जन्मतःच म्हातारी होती. पण तिला फुप्फुसात व्हायरसमुळे होणारी गाठ झाली होती, तो रोग तिथल्या दुसऱ्या मेंढ्यांनाही होता. डॉली ज्या पेशींपासून झाली त्याच पेशींपासून केलेल्या आणखी चार मेंढ्या नॉटिंगहॅमला होत्या, 2016 मध्ये त्या आठनऊ वर्षांच्या असताना तपासल्या तर वयाच्या मानाने ठणठणीत निघाल्या. वरची सीसी मांजर अठरा वर्षं जगली, पिल्लं झाली तिला. म्हणजे जो जगला तो बहुधा नीट जगतो. अडचण जगण्याच्या आधी आहे, पोटात आणि जन्मल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत, तिथेच बहुतेक जातात.

प्रश्न: हे सगळं देवाच्या कामात ढवळाढवळ करणं आहे. आत्म्याची कॉपी कशी होईल? तुमच्यासारख्यांनी याला विरोध करायला हवा. (रामबाग, वय 81)

उत्तर: आजोबा, आत्म्याचं उत्तर माझ्या डिग्रीत नव्हतं. पण सकाळी पूजेला केळं ठेवत असाल ना, ते बऱ्हाणपूरकडचं असेल तर क्लोनच आहे. केळीला बी धरत नाही, मुनवे काढून लावतात, आता टिश्यू कल्चरची रोपं येतात, सगळी एकाच झाडाची नक्कल. हापूसचं कलम तेच, ऊस तेच, गुलाबाची फांदी रोवलीत तर तुम्ही स्वतः क्लोन केलात. क्लोन हा शब्दच ग्रीक भाषेतल्या डहाळीवरून आलाय. त्यामुळे नुसतं नक्कल केली म्हणून पाप असं मला म्हणता येत नाही, डहाळीला दुखत नाही आणि कुत्रीला दुखतं, माझा विरोध तेवढ्यापुरता आहे आणि तिथे तो पक्का आहे.

प्रश्न: आमच्याकडे बारा गायी आहेत, गीर आणि मालवी. कर्नालला गीरचं क्लोन झालं असं मोबाईलवर पाहिलं. अशी कालवड विकत मिळेल का आणि दूध किती देईल? तिचं दूध पिणं योग्य आहे का? (सांवेर रोड)

उत्तर: दादा, विकत मिळत नाही, आणि मिळाली तरी तुमच्या कामाची नाही. ती बातमी खरी आहे, गंगा नाव तिचं, मार्च 2023 मध्ये कर्नालच्या एनडीआरआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत झाली, जन्मताना 32 किलो. गीर गाईच्या शेपटीची पेशी, साहिवालचं बीजांड, आणि पोटात वाढवलं संकरित गाईने. त्याच संस्थेने 2009 मध्ये म्हशीचं क्लोन केलं होतं, पहिलं पारडू थोड्याच दिवसांत गेलं, मग गरिमा झाली, ती दोनेक वर्षं जगली, 2010 मध्ये दुसरी गरिमा, तिला 2013 मध्ये रेडी झाली महिमा नावाची, साध्या पद्धतीने. आपल्या लोकांनी महागडी मशीन न वापरता मायक्रोस्कोपखाली हाताने, बारीक ब्लेडने बीजांडातलं केंद्रक कापून काढायची पद्धत बसवली, याचं मला फार कौतुक आहे.

पण क्लोनचा उपयोग दुधाला नाही, वळूला. एखादा नामी वळू म्हातारा झाला किंवा मेला तर त्याचा क्लोन उभा करायचा आणि त्याचं सीमेन गावोगावी वापरायचं. तुम्हाला गाय भरवायची तर चांगल्या वळूच्या सीमेनची कांडी आत्ताच मिळते, भोपाळला भदभद्याला सीमेन स्टेशन आहे, कालवडच हवी तर सेक्स्ड सीमेन पण आहे, क्लोनची वाट कशाला बघता. आणि दूध तर निम्मं चाऱ्यात असतं, क्लोन गाईला कडबाच घातलात तर ती कडब्याइतकंच देणार.

दुसरं, क्लोनचा गर्भ ज्या गाईच्या पोटात ठेवतात तिचे हाल होतात. वासरू प्रमाणाबाहेर मोठं होतं, पोटात पाणी साठतं, जार नीट बनत नाही, गाय अडते. अडलेली गाय तुम्ही पाहिलीय, मी जास्त सांगत नाही. ठेवलेल्या शंभर गर्भांमागे जगणारी वासरं दहाही नसतात बहुतेक ठिकाणी.

तिसरं मालवीबद्दल, कारण त्यांचं तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंत. सगळ्यांकडे एकाच नामी वळूची लेकरं झाली तर दूध वाढेल, पण लंपीसारखी साथ आली की सगळ्यांची ताकद आणि कमजोरी सारखीच. केळीचं तेच झालं, ग्रोस मिशेल नावाची जात जगभर एकसारखी लावली होती, पनामा रोगाने 1950 च्या आसपास तिचे मळेच्या मळे संपवले. मालव्याच्या उन्हात आणि काळ्या मातीत टिकणारी गाय आपल्याकडे आयती आहे, ती दोन लिटर कमी देते म्हणून विकू नका.

दूध प्यायला हरकत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध तपासणाऱ्या सरकारी खात्याने, 2008 मध्ये तपासून सांगितलं की क्लोन गाय, डुक्कर, बकरी यांचं दूध-मांस साध्यासारखंच आहे. युरोपियन पार्लमेंटने 2015 मध्ये शेतीसाठी क्लोन करायला विरोधात मत दिलं, त्यातलं मोठं कारण मी वर सांगितलेले गाईचे हालच होते.

प्रश्न: मी आठवीत आहे. कुनोमध्ये आफ्रिकेचे चित्ते आणले तर आपल्या भारतातल्या चित्त्याचं क्लोन का नाही केलं? (विजय नगर)

उत्तर: बाळा, ठरवलं होतं. 2000 च्या आसपास हैदराबादच्या सीसीएमबी या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांच्या टीमचा विचार होता की आशियाई चित्त्याचा क्लोन करायचा. पण क्लोनला जिवंत पेशी लागते. आपला चित्ता 1952 मध्येच संपला म्हणून जाहीर झाला होता आणि कुणी पेशी गोठवून ठेवल्या नव्हत्या, तेव्हा क्लोन माहीतच कुणाला होतं. म्युझियममध्ये भुसा भरलेलं कातडं असतं ते उपयोगाचं नाही. आशियाई चित्ते उरलेत फक्त इराणमध्ये, त्यांच्याकडे मागितलं, ते नाही म्हणाले. मग सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा आणले.

पेशी ठेवल्या असत्या तर काय होऊ शकतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे काळ्या पायांचा फेरेट म्हणून मुंगसासारखा प्राणी आहे, फार थोडे उरलेले. विला नावाच्या मादीच्या पेशी 1988 मध्ये गोठवल्या होत्या, त्यातून डिसेंबर 2020 मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली. तिथे क्लोनचा खरा फायदा होता, कारण आज जिवंत असलेले सगळे फेरेट मोजून सात पूर्वजांचे वंशज आहेत आणि विला त्या सातांत नव्हती, म्हणजे तिच्यामुळे हरवलेलं रक्त परत आलं. आणि स्पेनमध्ये उलटं झालं, बुकार्डो नावाचा डोंगरी बकरा, त्यातली शेवटची मादी 2000 मध्ये गेली, तिचा क्लोन 2003 मध्ये जन्मला आणि फुप्फुस खराब असल्यामुळे काही मिनिटांतच गेला. समजा जगला असता तरी ती मादीच, नर आणायचा कुठून?

आता तुझ्यासाठी एक भारी गोष्ट. चित्ते क्लोन न करताच एकमेकांचे जवळजवळ क्लोन आहेत! हजारो वर्षांपूर्वी त्यांची संख्या इतकी कमी झाली होती की उरलेल्या थोड्यांपासूनच सगळे झाले. शास्त्रज्ञांनी एका चित्त्याच्या कातडीचा तुकडा नात्यात नसलेल्या दुसऱ्याला लावून बघितला तर शरीराने तो बराच काळ आपलाच समजून ठेवून घेतला. माणसात हुबेहूब जुळे सोडले तर असं होत नाही. तेव्हा चित्त्यांना आणखी सारखे चित्ते नकोत, वेगवेगळे हवेत, आणि पळायला मोठं रान हवं. बघायला कुनो लांब पडेल, बाबांना सांग मंदसौरकडे गांधीसागर जवळ आहे, एप्रिल 2025 मध्ये दोन चित्ते तिथे पण सोडलेत. दिसतीलच असं नाही हं.